छाती मोजून झाली, आता माणूस कधी शिकवणार?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण विषय आपल्याच पोट्ट्यापोट्टींचा आहे, म्हणून सवडीनं का होईना, पूर्ण वाचा.

पहाटे पाचच्या आसपास मुर्रीतून गोंदियाकडे निघालं की रस्त्याच्या कडेनं पोरं धावताना दिसतात. डिसेंबरची थंडी असो की मे महिना, यांचा नेम चुकत नाही. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी अग्निवीरसाठी, कोणी विद्यापीठाच्या संघात यायचं म्हणून. कोणालाही थांबवून विचारा, आकडे तोंडपाठ. उंची १६५ सेंटिमीटर, मुलींची १५५. छाती न फुगवता ७९, फुगवली की त्यावर ५. सोळाशे मीटरला २० गुण, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. मुलींना सोळाशेऐवजी आठशे. एकूण ५० गुणांचं मैदान. सतराचा पाढा अडखळेल, हे अडखळणार नाही.

त्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. भरती म्हटली की मोजमाप आलंच. माझी तक्रार कॉलेजबद्दल आहे. तिथं ही पोरं तीन-चार वर्षं खेळाडू म्हणून असतात. काही बी.ए. करता करता खेळतात, काही बी.पी.ई.एस., बी.पी.एड.ला जातात आणि उद्या कोणाचे तरी 'सर' होतात. तिथंही मुख्य काम मोजण्याचंच. उंची, वजन, हाताची लांबी, चिमट्यानं त्वचेखालची चरबी, बीएमआय. स्नायूंची नावं, मैदानाची मापं, खेळाचे नियम. हे सगळं पाहिजेच, त्यावर वाद नाही. पण ज्याला मोजून राहिलो तो माणूस कोण आहे, हा प्रश्न कोणत्या तासाला येतो?

आपण ज्या विद्यापीठात मोडतो त्याच्या नावातच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आहेत. हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, माणूस जागा करत राहिले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात खेळाडूला 'माणूस' हा विषय शिकवायला कोणाची ना नसेल. कागदावर जागाही झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणासाठी राज्यानं २० एप्रिल २०२३ ला जो शासन निर्णय काढला, त्यात पदवीच्या आराखड्यात मूल्यशिक्षण आहे, भारतीय ज्ञानप्रणाली आहे, समुदाय सहभागाचा प्रकल्प आहे. म्हणजे रकाना तयार आहे. त्यात काय भरायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि दोन क्रेडिटच्या पेपरात काय भरलं जातं हे आपण सगळे जाणतो: झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स, 'खेळाचे महत्त्व' नावाचा निबंध, आणि वृक्षारोपणाचा एक फोटो, ज्यात एका रोपट्याला बारा जणांनी हात लावलेला असतो.

मी म्हणतो त्या विषयाला पुस्तकी नाव आहे तात्त्विक मानवशास्त्र. नाव ऐकून पळू नका. प्रश्न साधा आहे: माणूस म्हणजे नेमकं काय? जनावरापेक्षा, यंत्रापेक्षा त्याचं वेगळेपण कशात? १९२८ साली जर्मनीत माक्स शेलर आणि हेल्मुट प्लेसनर या दोघांची याच प्रश्नावरची पुस्तकं आली आणि त्यातून हे शास्त्र उभं राहिलं. त्यातलं प्लेसनरचं एक म्हणणं कोणत्याही कबड्डीपटूला प्राध्यापकापेक्षा लवकर समजेल. तो म्हणतो, माणूस शरीर 'असतो' आणि माणसा'जवळ' शरीर असतं, दोन्ही एकाच वेळी. चढाईला गेलेला पोरगा पाहा. त्या तीस सेकंदांत तो आणि त्याचं अंग वेगळं नसतं, डोकं आणि पाय एकच असतात. तोच पोरगा गुडघा फिरल्यावर बाजूला बसतो आणि म्हणतो, "हा गुडघा साथच नाही देऊन राहिला भाऊ." आता गुडघा जणू दुसऱ्याचा झाला. खेळाडू आयुष्यभर या दोन टोकांच्या मध्ये जगतो. पण त्याला कोणी हे सांगत नाही, म्हणून गुडघा गेला की त्याला वाटतं आपणच गेलो. पंचविशीत संपलेले असे किती खेळाडू प्रत्येक गावात आहेत, मोजून पाहा. रात्रकालीन कबड्डीत ज्यांच्या नावानं पेंडॉल दणाणायचं, ते आज लंगडत पानठेल्यावर उभे असतात आणि लोक त्यांना "एकेकाळचा" म्हणून ओळख करून देतात.

खरं तर आपल्या मराठीला हे आधीपासून ठाऊक आहे. काम टाळणारा अंग चोरतो. सवय अंगवळणी पडते. वेळ आली की मर्द गडी अंगावर घेतो, आणि प्रकरण अंगाशी आलं की पुढारी अंग काढून घेतो. जबाबदारी हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, पण जबाबदारी घेणं आणि टाळणं, दोन्हीसाठी आपण अंगच वापरलं. म्हणजे शरीर आणि सामाजिक जबाबदारी हे दोन पेपर नाहीत, एकच आहे, हे भाषेनंच सांगून ठेवलंय. ज्या शिक्षकाला जर्मन नावं नको वाटतात त्यानं या चार वाक्प्रचारांवर एक तास घ्यावा.

आता मोजमापाकडे परत येतो, कारण तिथं एक मोठी गोष्ट आहे आणि ती मराठी आहे.

इरावती कर्वे. बहुतेकांना 'युगान्त'मुळे ठाऊक. पण त्या मुळात मानवशास्त्रज्ञ. १९२७ साली त्या बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचा मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेवर विश्वास असलेला माणूस. नाझी आल्यावर १९३३ साली तो बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. इरावतीबाईंना काम मिळालं कवट्या मोजायचं. गोऱ्या माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी आणि त्यावरून त्याची बुद्धी वरची, असं काहीतरी सिद्ध व्हावं ही गुरूची अपेक्षा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर अवलंबून नाही. परक्या देशात, विशीतली मुलगी. गुरूला हवं ते लिहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं.

आणि त्याच बर्लिनमध्ये १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू गेला होता. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. त्यांनी तिथं कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ करून दाखवले. विदर्भातल्या प्रत्येक शारीरिक शिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट अभिमानानं सांगतात, सांगायलाच पाहिजे. पण या दोन गोष्टी एकत्र ठेवून कोणी सांगत नाही. एकाच शहरात, नऊ-दहा वर्षांच्या आत, एक मराठी बाई माणसाला मोजण्यामागचा डाव ओळखून नाही म्हणते, आणि आपले व्यायामपटू ज्या सोहळ्यात खेळतात तो सोहळा वंशाच्या नावानं माणसं संपवायला निघालेल्या राजवटीची जाहिरात असतो. आपले लोक दोषी होते असं मी म्हणत नाही, जगातले बहुतेक देश तिथं गेले होते. मी एवढंच म्हणतो की सुदृढ शरीर, शिस्त, झेंडे आणि टाळ्या हे सगळं एका जागी असूनही तिथं माणूस हरवलेला असू शकतो. हे ज्याला शिकवलं नाही तो क्रीडा शिक्षक अर्धा.

हे आजच्या गोंदियात कुठं लागू होतं? सांगतो. खरं तर पूर्ण पोस्ट लिहायचं कारण हेच आहे.

सिकलसेल. आपल्या पट्ट्यात, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, हा आजार घराघरात ठाऊक आहे. आदिवासी समाजात, अनुसूचित जातींत आणि काही ओबीसी जातींतही. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण. एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं, तो खेळतो, धावतो, भरतीही होतो. पण कडक ऊन, अंगात पाणी कमी, सवय नसताना एकदम जोराचा सराव, आणि दम लागल्यावरही न थांबता पळवणं, हे सगळं एकत्र आलं तर वाहकाचे स्नायू आतून तुटू शकतात, माणूस कोसळू शकतो, क्वचित जीवही जातो. अमेरिकेत २००६ साली राईस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉल खेळाडू असाच सरावानंतर गेला. (नाव राईस असलं तरी आपल्या धानाशी त्याचा संबंध नाही.) घरच्यांनी दावा लावला, आणि २०१० पासून तिथल्या विद्यापीठ क्रीडा संघटनेनं वरच्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी सिकलसेलची तपासणी नियमात आणली. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. शहडोल आपल्यापासून फार लांब नाही. पण अभियान दवाखान्यात आहे, मैदानात नाही.

मैदानात काय होतं? मे महिना, पारा ४४, भरती तोंडावर. पाचव्या फेरीला एक पोरगा खाली बसतो. पाय दुखतात म्हणतो, पेटका आल्यासारखं दिसत नाही, बोलतो नीट, पण उठवत नाही. आणि वरून आवाज येतो, "काहून बसला बे? नाटकं नको करू, ऊठ!" हा आवाज देणारा माणूस दुष्ट नसतो. त्यालाही त्याच्या सरांनी असंच पळवलेलं असतं. त्याला शिकवलं गेलंय की थकवा हा आळसाचा भाऊ आहे आणि खेळाडू घडवायचा म्हणजे त्याचं 'नाही' ऐकायचं नाही. त्याच्याजवळ स्टॉपवॉच आहे, शिट्टी आहे. समोरचा पोरगा कोणत्या घरातून आला, काय खाऊन आला, त्याच्या रक्तात काय आहे, हे विचारायची गरज त्याला कधी दाखवलीच गेली नाही. इथं तत्त्वज्ञान आणि जीव यांच्यात अंतर उरत नाही.

बरं, उद्या एखाद्या उत्साही सरांनी ठरवलं की सगळ्यांची चाचणी करू. चांगलं आहे. निकाल आले, आणि सरांनी ती यादी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. झालं! आता त्या पोरीची सोयरिक कोण करणार? आपल्याकडे सिकलसेलचं नाव निघालं की पाहुणे चहा पिऊन निघून जातात, परत फोन येत नाही. किंवा सर म्हणाले, वाहक आहे ना, मग टीममध्ये नको, झंझट नको. वाहकाला खेळातून काढायचं काहीच कारण नाही. त्याला पाणी द्या, सावली द्या, हळूहळू वाढवा, बसला तर बसू द्या, एवढंच लागतं. जो खरोखर रुग्ण आहे त्याच्याबद्दल डॉक्टरांना विचारून ठरवायचं. पण माहिती कोणाला सांगायची, किती सांगायची, कोणाची परवानगी घ्यायची, हे वैद्यकीय प्रश्न नाहीत. माणसाचा मान कशात असतो हा तो प्रश्न आहे. यावर बी.पी.एड.च्या वर्गात दोन तास वाद झाला पाहिजे. खराखुरा वाद, नोट्स नाही.

दुसरं एक आपलंच उदाहरण. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी लागली की कॉलेजच्या मैदानावर पोरी दिसत नाहीत. सर रजिस्टरमध्ये गैरहजर लिहितात, वर बोलणी. ती पोरगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून, गुडघाभर चिखलात, पऱ्हे रोवून राहिली असते. तिच्या कमरेला, मांड्यांना जो भार पडला तो कोणत्याही सराव-तक्त्यात धरलेला नाही. चार दिवसांनी ती मैदानावर येते आणि तिला वर शंभर उठाबशा. मग कंबर धरते आणि सर म्हणतात, पोरींमध्ये दम नाही. मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १९३४ मध्ये एक व्याख्यान दिलं, त्यात तो सांगतो की पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावडी वापरताच येईनात, एकेका डिव्हिजनमागे आठ हजार फावडी बदलावी लागली. म्हणजे साधं खोदणंही प्रत्येक समाज आपापल्या अंगाला वेगळं शिकवतो. आपल्या झाडीपट्टीतल्या अंगाला बांधीनं काय शिकवलंय, हे आपल्या क्रीडा शिक्षकाला ठाऊक नको? चिखलातला तोल, वाकून तासन्तास टिकणं, हे कबड्डीचंच भांडवल आहे. पण ते मोजायची पट्टी बाहेरून आली, त्यात बांधी नाही.

जातीचं बोलायचं की नाही? बोलावंच लागेल, कारण "मैदानावर जात नसते" हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हटलंय की ते खरं वाटायला लागलं. पळवणकर बाळू हा या देशातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजातला. पुण्यात त्याच्याकडून विकेटी घ्यायला सगळ्यांना आवडायचं, पण चहाच्या वेळी तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, तेही बराच झगडा झाल्यावर. विठ्ठलनं १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्र लिहिलं, मराठीत. आपल्या किती क्रीडा महाविद्यालयांच्या ग्रंथालयात ते आहे? आणि आता स्वतःच्या गावाकडे पाहा. स्पर्धेला गेलेला संघ मुक्कामाला कोणाच्या घरी थांबतो, कोणाच्या नाही. टोलीवरच्या पोरांचा वेगळा संघ कसा काय असतो. यावर जास्त लिहीत नाही, समजणाऱ्यांना समजतं.

आता लोक म्हणतील, आणि म्हणतातच: "भाऊ, पोट्ट्यांना नोकरी नाही, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवून राहिले." बरोबर आहे. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे तो अर्धवेळ, तोही शाळेत शंभरच्या वर पोरं असतील तरच. म्हणजे बी.पी.एड. करून बसलेल्या पोराचा राग खोटा नाही. पहिली मागणी पदांचीच पाहिजे. पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली. नोकरीच्या मागे लागलेल्या खेळाडूलाच हा विषय जास्त लागतो. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रं निघाली, ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची, आणि ते प्रकरण राज्यभर गाजलं. ज्यांनी कधी त्या जाळीवर उडी मारली नाही ते खेळाडू म्हणून नोकरीला लागले. ती नोकरी कोणाची होती? पहाटे पाचला धावणाऱ्या कोणाची तरी. आणि प्रमाणपत्र विकणारे कोण होते? खेळाच्याच दुनियेतले लोक. कधीकाळी तेही खेळाचे विद्यार्थीच असतील. तसंच औषधांचं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत, पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत दोषी सापडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आपलं, ३.८ टक्के. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेत तपासणी पथक आलं म्हटल्यावर शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे गेले कुठं? हसू येतं, पण त्या पळालेल्यांची वयं आपल्या पोरांएवढीच. त्यांना २०२२ चा उत्तेजकविरोधी कायदा ठाऊक नसेल असं नाही. कायदा माहीत असून माणूस पळतो तेव्हा कमी कायद्याची नसते.

हान्स लेंक नावाचा जर्मन माणूस. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये आठ जणांच्या नौकेत सुवर्णपदक, नंतर कार्ल्सरूहला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. त्याचा भर एका गोष्टीवर होता: स्वतःची कामगिरी ही माणसाची खूण आहे, पण ती 'स्वतःची' असेल तर. दुसऱ्यानं लादलेली, विकत घेतलेली, सुईतून आलेली कामगिरी कितीही मोठी असली तरी त्यात तू नाहीस. हे आपल्या पोराला त्याच्या भाषेत सांगायला किती वेळ लागतो? एक सकाळ. सांगणारा पाहिजे, आणि सांगणाऱ्याच्या खिशात सुई नको.

दुसरी गोष्ट. जबाबदारी एकतर्फी नाही. खेळाडूनं समाजासाठी काय करायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत, त्यातले निम्मे कार्यक्रमाचे उद्घाटक. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा ते कांस्यपदक आलं. विद्यार्थ्याला सामाजिक जबाबदारीचा पेपर द्यायला लावणाऱ्या संस्थेनं आधी हा धडा स्वतः वाचावा. स्पर्धेचा प्रवासभत्ता वेळेवर देणं, मुलींसाठी कपडे बदलायला खोली आणि संडास असणं, तक्रार समिती फक्त बोर्डावर नसणं. २०२३ मध्ये देशाच्या नावाजलेल्या महिला कुस्तीगीर जंतरमंतरच्या फुटपाथवर झोपल्या. त्या वेळी आपल्या विद्यापीठांतल्या कुस्तीच्या आखाड्यांत त्यावर एक शब्द बोलला गेला का? हा विषय अभ्यासक्रमात असता तर बोलावंच लागलं असतं.

शिकवायचं कसं, यावर माझं मत एकदम पक्कं आहे: वर्गात कमी, मैदानात जास्त. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांची गोष्ट 'झुंड' आल्यापासून सगळ्यांना माहीत झाली. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळत होती, सरांनी त्यांच्यासमोर फुटबॉल ठेवला, आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. लोकांना त्यात अमिताभ बच्चन आठवतो. मला त्याच्या आधीची गोष्ट मोठी वाटते. ती पोरं रस्त्यानं जाणाऱ्या हजार लोकांना दिसली असतील, गोंधळ घालणारी पोरं म्हणून. एकाला खेळाडू दिसले. त्या एका नजरेलाच मी तात्त्विक मानवशास्त्र म्हणतो, आणि तो माणूस आपल्याच विद्यापीठाच्या कॉलेजातला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता, बाहेरचा कोणी नाही. कोलोनच्या जर्मन क्रीडा विद्यापीठात शिक्षणशास्त्र आणि तत्त्वज्ञानाची वेगळी संस्था आहे. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, मान्य. पण नजर द्यायला इमारत लागत नाही.

समुदाय सहभागाचा जो प्रकल्प आहे त्यात वृक्षारोपणाऐवजी हे करून पाहा. बी.पी.ई.एस.च्या पोरानं आपल्या गावच्या मैदानाची, म्हणजे बहुतेक ठिकाणी धान निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या बांधीची, एक महिना नोंद ठेवावी. कोण किती वाजता खेळतं? मुली येतात का? कोणत्या टोलीची पोरं येतात, कोणती कुंपणावर बसून पाहतात? एखाद्या जुन्या कबड्डीपटूच्या घरी जाऊन त्याला विचारावं, गुडघा गेल्यावर पुढची वीस वर्षं कशी काढली. ते लिहून आणावं, बोलीत लिहिलं तरी चालेल, पोवारीत लिहिलं तरी चालेल. आणि विद्यापीठानं त्यावर गुण द्यावेत, टायपिंग किती सुबक आहे त्यावर नाही. मुर्रीसारखी शहराला खेटलेली गावं यासाठी सोयीची आहेत. पोरं कॉलेजला शहरात जातात आणि झोपायला गावात येतात, दोन्हीकडचं त्यांना दिसतं.

अभ्यास मंडळाच्या बैठकी होतात, त्यात आपल्या जिल्ह्यातले प्राध्यापकही असतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर एवढं करा: पुढच्या वेळी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम टेबलावर आला की सिकलसेल हा शब्द त्यात शोधा. सापडला तर कळवा, मी आनंदानं इथंच लिहीन. नाही सापडला तर घालून घ्या. विदर्भात क्रीडा शिक्षक तयार करायचा असेल तर तो पहिल्या सत्रात पाहिजे.

आणि जी पोरं उद्या पहाटे धावायला निघणार आहेत त्यांना. चाचणी सरकारी दवाखान्यात होते. केटीएसमध्ये किंवा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी, त्यात शंका आली तर पुढची. उन्हाळ्याच्या आधी करून घ्या. निकाल तुमचा आहे, कोणाला सांगायचा ते तुम्ही ठरवा. फक्त धावताना सोबत जो असतो त्या एकाला तरी सांगून ठेवा, आणि पाण्याची बाटली त्याच्याजवळ द्या.

अन् सोबतचा बसला, तर त्याला "ऊठ बे" म्हणू नका. तुम्हीही बसा.